दयेने बांधलेली कोठडी

१७८६-८७ साली फिलाडेल्फिया शहरात रस्त्यावर पाऊल टाकलं की हातगाडीवाले कैदी दिसत. भादरलेली डोकी, लांबून ओळखू यावेत असे कपडे, पायात साखळदंड आणि साखळीच्या टोकाला लोखंडी गोळा. रस्ते साफ करायचे, घाण उपसायची, दिवसभर लोकांच्या नजरेसमोर राबायचं. ही शिक्षा दयेपोटी आली होती हे आज सांगूनही खरं वाटत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८६ साली कायदा करून दरोडा, घरफोडी अशा गुन्ह्यांची फाशी काढून टाकली आणि तिच्या जागी ही भर रस्त्यातली सक्तमजुरी आणली. जीव वाचला, अब्रू गेली. पण कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं तसं काही घडेना. बघ्यांची गर्दी जमे. कुणी शिव्या देई, कुणाला कीव येई. कैदीही शिवीला शिवीने उत्तर देत. थोड्याच दिवसांत शहराला कैद्यांचं काही वाटेनासं झालं आणि कैद्यांना शहराचं.

९ मार्च १७८७ रोजी बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी जमलेल्या मंडळींसमोर डॉ. बेंजामिन रश याने या प्रकारावर एक निबंध वाचला. रश हा शहरातला नामांकित वैद्य, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. शिक्षेचे तीन हेतू सांगितले जातात, असं तो म्हणाला: गुन्हेगाराला सुधारणं, बघणाऱ्यांना धाक बसवणं आणि समाजात राहायला नालायक ठरलेल्याला समाजातून उचलणं. चव्हाट्यावरच्या शिक्षेने यातलं पहिलं मुळीच होत नाही, कारण ज्याची लाज एकदा चारचौघांत गेली त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. रशचं पुढचं निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं. दुसऱ्याचे हाल रोज बघून बघणाऱ्याचीही माया आटते, असं त्याने बजावलं. शिक्षेचा परिणाम भोगणाऱ्याच्या मनावर होतो तसा देणाऱ्या समाजाच्या मनावरही होतो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी फारसं कुणी मांडलं नव्हतं.

मग उपाय काय? रशने तो वैद्याच्या पद्धतीनेच सुचवला. गावापासून दूर एक इमारत बांधावी, आत काय चालतं ते बाहेर कुणाला दिसू नये. काम, मौन आणि एकांत ही औषधं, आणि गुन्हेगार हा रोगी. फिलाडेल्फिया हे क्वेकर पंथाचं शहर. माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो, शांत बसलं की तो दिसतो, ही त्या पंथाची श्रद्धा. त्या मातीत रशची कल्पना चटकन रुजली. दोनच महिन्यांत, मे १७८७ मध्ये, तुरुंगांतलं दुःख कमी करण्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्यात क्वेकरांचा भरणा होता. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. याच रशने पुढे वेड्यांना शांत करण्यासाठी एक खुर्ची तयार केली. तिच्यात रोग्याचे हात, पाय, छाती पट्ट्यांनी आवळायची आणि डोकं लाकडी पेटीत अडकवायचं. माणसाला हलता येऊ नये, काही दिसू नये, की त्याचं मन ताळ्यावर येईल, हा त्यामागचा विचार. रश दुष्ट नव्हता, आणि या सगळ्या कथेत अडचण तीच आहे.

सोसायटीच्या खटपटीमुळे १७९० साली शहरातल्या वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगाच्या आवारात सोळा एकांत कोठड्या बांधल्या गेल्या. बाकीच्या तुरुंगात मात्र माणसं कोंबलेलीच होती आणि वर्षागणिक वाढत होती. प्रयोग फसला असं दिसल्यावर सोसायटीने निष्कर्ष काढला तो असा, की एकांत पुरेसा झाला नाही. सोळा कोठड्यांनी काय होणार? प्रत्येक कैद्याला कोठडी हवी आणि शिक्षेचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक दिवस त्याने तिथेच एकट्याने काढायला हवा.

एकांताची थोरवी आपल्याला नवी नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. पण त्या डोंगरावरून संध्याकाळी देहूला उतरून येता येत होतं, हे फिलाडेल्फियातल्या भल्या माणसांसारखं आपणही विसरू शकतो.

शहराबाहेर चेरीच्या झाडांची एक जुनी बाग होती. तिथे १८२० च्या दशकात जॉन हॅविलंड या इंग्लंडहून आलेल्या वास्तुविशारदाने ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी उभारायला घेतली. तीस फूट उंचीची भिंत, किल्ल्यासारखा दरवाजा, आत मधोमध एक गोल आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखी फुटलेली सात लांब दालनं. मधल्या गोलात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मान वळवली की सगळी दालनं दिसत. बांधकाम १८३६ पर्यंत चाललं आणि खर्च पावणेआठ लाख डॉलरच्या वर गेला. त्या काळच्या अमेरिकेत इतकी महाग इमारत क्वचितच उभी राहिली असेल. प्रत्येक कोठडीत पाण्याचा नळ आणि संडास होता. राष्ट्राध्यक्षाच्या व्हाइट हाउसमध्ये त्या वेळी नळाचं पाणी पोचलेलं नव्हतं. ही चैन म्हणून केलेली नव्हती. कैदी कोठडीबाहेर पडू नये म्हणून पाणी त्याच्याकडे न्यायचं होतं.

२५ ऑक्टोबर १८२९ रोजी पहिला कैदी आला. चार्ल्स विल्यम्स, वय अठरा, कृष्णवर्णीय शेतमजूर. घरफोडी करून वीस डॉलरचं घड्याळ, तीन डॉलरची सोन्याची मोहोर आणि सोन्याची एक किल्ली पळवल्याचा गुन्हा. शिक्षा दोन वर्षं. त्याच्या डोक्यावरून काळी टोपी ओढून, डोळे-तोंड झाकून त्याला आत नेलं. इमारतीचा नकाशा त्याला कळू नये हे एक कारण, आणि दुसऱ्या कुठल्या कैद्याने त्याचा चेहरा पाहू नये हे दुसरं. सुटल्यावर ‘हा माझ्याबरोबर आत होता’ असं सांगणारा कुणी त्याला भेटू नये, नव्याने आयुष्य सुरू करताना जुनी ओळख आड येऊ नये, इतका पुढचा विचार त्यात होता. आत गेल्यावर त्याचं नाव संपलं आणि तो एक नंबर झाला.

ती कोठडी जरा नीट पाहू. आठ फूट रुंद, बारा फूट लांब, वर देवळातल्या गाभाऱ्यासारखं कमानदार छत आणि त्या छताला एकच झरोका. उजेड यायचा तो वरूनच, म्हणजे कैद्याची नजर आपोआप आकाशाकडे जावी. पहिल्या कोठड्यांना दालनाच्या बाजूने दारच नव्हतं. तिथे एक खिडकीवजा भोक होतं, त्यातून जेवण आत सरकवलं जाई. मागच्या बाजूने एका छोट्या अंगणात जायचा ठेंगणा दरवाजा. अंगण कोठडीएवढंच रुंद, भोवती उंच भिंती. दिवसातून तासभर तिथे फिरायची परवानगी, तीही शेजारचा कैदी त्याच वेळी त्याच्या अंगणात नसेल अशा बेताने. उरलेले तेवीस तास बायबल, आणि थोड्या दिवसांनी विणकाम किंवा चांभारकाम. कामाची सुरुवात काही दिवसांनीच व्हायची. आधी नुसतं बसवून ठेवायचं, म्हणजे काम ही मेहरबानी वाटू लागते. पत्र नाही, वर्तमानपत्र नाही, नातेवाइकांची भेट नाही. भेटणारी माणसं म्हणजे वॉर्डन, डॉक्टर, पाद्री आणि सोसायटीचे सभासद.

इकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या तुरुंगात एक धडा आधीच मिळून गेला होता. १८२१ च्या नाताळात तिथल्या सुमारे ऐंशी कैद्यांना कामाविना कोठड्यांत डांबलं गेलं. वर्षभरात पाच मेले. एकाने कोठडीचं दार उघडलं जाताच वरच्या मजल्यावरून खाली उडी घेतली, एकाला ठार वेड लागलं. शेवटी गव्हर्नरला त्यांतल्या कित्येकांना माफी देऊन सोडावं लागलं. ऑबर्नने मग वेगळी रीत धरली: रात्री एकटं कोंडायचं, दिवसा एकत्र कामाला लावायचं, पण एक शब्दही बोलू द्यायचा नाही. बोलला की चाबूक. पेनसिल्व्हेनिया आणि ऑबर्न या दोन पद्धतींचे कैवारी पुढची तीस-चाळीस वर्षं एकमेकांवर पत्रकांचा मारा करत राहिले. ऑबर्नमध्ये चाबूक आहे म्हणून फिलाडेल्फियावाले नाकं मुरडत. फिलाडेल्फियात माणसं वेडी होतात असं ऑबर्नवाले सांगत. दोघांचंही खरं होतं.

१८३१ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधून दोन तरुण सरकारी कामावर ईस्टर्न स्टेटला आले. बोमाँ आणि अलेक्सी द तोकविल. ‘डेमोक्रसी इन अमेरिका’ लिहिणारा तोकविल तो हाच, तो ग्रंथ या तुरुंग-पाहणीच्या दौऱ्यातूनच निघाला. वॉर्डनने त्यांना कोठड्यांत एकट्याने जाऊ दिलं, पहारेकरी बरोबर नाही. त्यांनी टिपून ठेवलेल्या मुलाखती आजही वाचायला मिळतात. घरच्यांचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी येई. काम नसतं तर आपण जगलोच नसतो, असं अनेकांनी सांगितलं. ज्या कामाची शिक्षा म्हणून नेमणूक झाली त्याच कामाला ही माणसं चिकटून होती आणि बिनकामाचा रविवार त्यांना खायला उठत होता. एका कैद्याने सांगितलं की उन्हाळ्यात अंगणात एक किडा आला, तर सोबतीला कुणी आलंय असं वाटलं. कोठडीत फुलपाखरू किंवा कुठलाही जीव आला तर आपण त्याला इजा करत नाही, असंही तो म्हणाला.

हे ऐकून पाहुण्यांना काय वाटलं? त्यांना वाटलं, पद्धत परिणामकारक आहे. माणूस हळवा झाला आहे, म्हणजे सुधारणेला सुरुवात झाली. तोकविल पुढे फ्रान्सच्या संसदेत एकांत कोठड्यांच्या बाजूने बोलला. माणूस मोडतोय की वळतोय, यातला फरक बाहेरून पटकन दिसत नाही हे मान्य. पण किड्याला सोबती मानणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकूनही दिसू नये, याचं मला नवल वाटत आलं आहे.

इमारतीच्या आत काय चाललं होतं त्याचे धागेदोरे लवकरच बाहेर आले. मैला वाहून नेणारे नळ सगळ्या कोठड्यांना जोडलेले होते. पाणी ओसरलं की त्यांत तोंड घालून कैदी शेजाऱ्याशी बोलत, नळांवर टकटक करून खुणा करत. पावणेआठ लाखांच्या मौनाला संडासातून भोक पडलं होतं. बोलताना सापडलेल्याला शिक्षा होत्या. त्यांतली एक लोखंडी लगामाची: जिभेवर लोखंडी पट्टी ठेवून तिच्या साखळ्या मानेमागून पाठीशी बांधलेल्या हातांना जोडायच्या, हात हलले की जिभेला ओढ. १८३३ साली मथायस मॅककम्सी नावाचा कैदी या लगामात मेला. त्यानंतर विधिमंडळाने चौकशी नेमली, साक्षी झाल्या, आणि कारभार एकंदरीत ठीक आहे असा निर्वाळा मिळाला.

वेडाच्या नोंदी मात्र तुरुंगाच्या स्वतःच्या वार्षिक अहवालांतच येऊ लागल्या. डॉक्टरांना त्यांचं कारण द्यावं लागे. एकांत हे कारण लिहिलं तर इमारतच खोटी ठरणार. म्हणून खापर फुटलं ते हस्तमैथुनावर. कृष्णवर्णीय कैदी जास्त मरत होते, तर त्यांची प्रकृतीच तशी असते असं लिहिलं गेलं. औषध लागू पडत नाही तेव्हा रोग्यालाच दोष द्यायची ही वैद्यकी फार जुनी आहे.

मार्च १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स आला. त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात गेला होता, त्यामुळे तुरुंग हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. दिवसभर तो कोठडीकोठडीत फिरला आणि त्याच वर्षी छापलेल्या ‘अमेरिकन नोट्स’मध्ये त्याने या तुरुंगावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. हेतू चांगला आहे, माणसं भली आहेत, हे त्याने आधीच कबूल केलं. पण आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मेंदूशी रोज हळूहळू चाललेली ही ढवळाढवळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट, कारण तिचे वळ कातडीवर दिसत नाहीत आणि तिची किंकाळी कुणाला ऐकू येत नाही, असा त्याचा निकाल होता.

डिकन्सने वर्णन केलेल्या कैद्यांत एक जर्मन होता. चोरीसाठी पाच वर्षांची शिक्षा, त्यातली दोन भोगून झालेली. मागावरच्या सुताचे रंग काढून त्याने कोठडीच्या भिंती सुरेख रंगवल्या होत्या, अंगणातल्या काही फुटांत वाफे केले होते. इतकी नीटनेटकी कोठडी आणि तिच्यात इतका खचलेला माणूस आपण पाहिला नाही, असं डिकन्सला वाटलं. या माणसाचं नाव चार्ल्स लँगहाइमर. तुरुंगाच्या बाजूचे लोक पुढे डिकन्सला हिणवायला त्याचंच उदाहरण देत, कारण तो मेला नाही, वेडाही झाला नाही. सुटला, पुन्हा चोरी केली, पुन्हा आला. असं चाळीस वर्षं चाललं. १८८४ साली तो म्हातारा होऊन त्याच तुरुंगात वारला. डिकन्स चुकला याचा हा पुरावा कसा होतो ते मला समजलेलं नाही. रशच्या तीन हेतूंपैकी पहिला, गुन्हेगाराला सुधारण्याचा, चाळीस वर्षांत एकदाही साधला नाही, याचा मात्र होतो. बाहेरच्या जगात राहण्याची सवयच ज्याची मोडली, त्याला आतलं घर वाटू लागलं असेल तर नवल नाही.

डिकन्सने इतकं लिहूनही फिलाडेल्फियाची कोठडी थांबली नाही. त्याच वर्षी, १८४२ मध्ये, खुद्द लंडनमध्ये पेंटनव्हिलचा तुरुंग सुरू झाला. कोठड्या ५२०, प्रत्येक तेरा फूट लांब, सात फूट रुंद, नऊ फूट उंच. प्रार्थनेच्या वेळी देखील कैद्यांना शेजारी दिसू नये म्हणून देवळात प्रत्येकासाठी फळ्यांचा खोका केलेला. सुरुवातीला अठरा महिने एकांत ठेवायचा बेत होता. वेडाची प्रकरणं इतकी वाढली की मुदत बारा महिन्यांवर आणि मग नऊवर आणावी लागली. म्हणजे मात्रा जास्त होते आहे हे इंग्रजांच्या लक्षात आलं होतं. औषधच चुकीचं असेल ही शंका काही मनात आली नाही. पेंटनव्हिल हा नमुना ठरला आणि साम्राज्याबरोबर जगभर गेला.

हिंदुस्थानात हा विचार मेकॉलेच्या पुढाकाराने आला. त्याच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ साली अहवाल दिला. कैद्यांना बेड्या घालून रस्त्यावरच्या कामावर नेणं बंद करावं, भिंतीआड न्यावं, त्यांना कंटाळवाणं, जिवाला रस वाटणार नाही असं काम द्यावं, एकांत द्यावा. फिलाडेल्फियातल्या हातगाडीवाल्यांची तक्रार आणि इथली तक्रार एकच होती, पण उत्तरातून क्वेकरांचा देव गळून पडला होता. नेटिव्हाचा आत्मा सुधारायच्या भानगडीत समिती फारशी पडली नाही. धाक बसला म्हणजे झालं.

तरी मेकॉलेच्याच मसुद्यातून निघालेल्या १८६० च्या दंडविधानात कलम ७३ आणि ७४ मध्ये एकांतवासाला लगाम घातलेला दिसतो: एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही, एका दमात चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि दोन खेपांत निदान तेवढंच अंतर. चौदा दिवस हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग १८९० साल उजाडलं आणि पृथ्वीच्या दोन टोकांना दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कोलोरॅडोतल्या मेडली नावाच्या फाशीच्या कैद्याचा खटला आला. गुन्ह्यानंतर झालेल्या नव्या कायद्याने त्याला फाशीपर्यंत एकांतात ठेवलं होतं. ही जादा शिक्षा आहे की नुसती व्यवस्था, हा प्रश्न होता. न्यायालयाने एकांतवासाचा इतिहासच चाळला आणि नोंदवलं की थोडक्या काळाच्या एकांतानेही पुष्कळ कैदी अर्धवट बधिर झाले, काहींना वेड लागलं, काहींनी आत्महत्या केली, आणि जे टिकले तेही बहुतेक समाजाच्या उपयोगाचे राहिले नाहीत. मेडली सुटला. त्याच वर्षी लायल आणि लेथब्रिज हे दोन इंग्रज अधिकारी अंदमानची पाहणी करून आले. त्यांची तक्रार उलटी होती. काळ्या पाण्याचा धाक राहिलेला नाही, तिथे गेलेल्याला काही वर्षांनी जमीन मिळते, संसार थाटता येतो, त्यामुळे इथल्या तुरुंगांतले कैदी उलट अंदमानला जायला बघतात. त्यांची शिफारस होती की तिथे उतरल्यावर पहिले सहा महिने प्रत्येकाला कडक एकांतात काढायला लावावेत.

त्यासाठी १८९६ ते १९०६ या काळात पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल बांधलं गेलं. विटा ब्रह्मदेशातून आल्या, बांधणारे हात कैद्यांचेच. मध्ये मनोरा, त्यातून फुटलेली सात तिमजली दालनं. जवळपास सातशे कोठड्या, लांबी साडेतेरा फूट, रुंदी सातच्या आसपास. पेंटनव्हिलची मापं आठवून पाहा. चेरीच्या बागेतला नकाशा बंगालच्या उपसागरापर्यंत आला होता. फरक एवढाच की इथे उजेडाचा झरोका छतात नव्हता, मागच्या भिंतीत दहा फूट उंचीवर होता. एका दालनाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे गजांतून समोर बघितलं तरी माणूस दिसायचा नाही.

सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, पण एका छपराखाली राहूनही बराच काळ दोघा भावांची भेट होऊ शकली नाही. पहिले सहा महिने एकांत, त्यातच नारळाचा छिलका कुटणं, मग कोलू. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायचं. ‘माझी जन्मठेप’ मराठी वाचकांच्या घराघरांत आहे, म्हणून त्यातले हाल पुन्हा सांगत नाही. पण ते पुस्तक पुन्हा वाचताना कोलूकडून थोडी नजर काढून कोठडीकडे बघावं. आत्महत्येचा विचार आपल्या मनात कसा शिरला हे सावरकरांनी तिथे लपवलेलं नाही, आणि लिहायला कागद नसताना भिंतीवर कविता कोरून पाठ करणं हा मन जागेवर ठेवण्याचा खटाटोपही होता. फिलाडेल्फियातल्या जर्मनाने भिंत रंगवली, यांनी भिंतीवर लिहिलं. प्रत्येकाला ते जमत नाही. एप्रिल १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय या तरुण क्रांतिकारकाने कोठडीत गळफास घेतला. पुढच्या दोनेक महिन्यांत उल्हासकर दत्त याचं मन ढासळलं. भर उन्हातलं काम नाकारल्याबद्दल त्याला हातकड्या घालून भिंतीला टांगलं होतं. अंगात ताप, त्यात नसलेली माणसं दिसू लागली, नसलेले आवाज येऊ लागले. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली, पुढे मद्रासला. विजेचे धक्के दिले गेल्याचं त्याने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. आणि सगळं होऊन तुरुंगाच्या कारभारावर ठपका आला नाही. मॅककम्सीच्या वेळीही आला नव्हता.

तिकडे फिलाडेल्फियात एव्हाना मूळ देऊळच ओस पडलं होतं. कैदी वाढले, एका कोठडीत दोघं-तिघं राहू लागले, एकांत नुसता कागदावर उरला. १९१३ साली तो कागदही फाडला गेला. १९२९-३० मध्ये अल कपोन त्याच तुरुंगात आठेक महिने राहिला तो गालिचा, दिवे आणि रेडिओ लावून. १९७१ च्या सुमारास तुरुंग बंद पडला. आता तिथे तिकीट काढून पर्यटक जातात.

एकांताने मनाचं काय होतं, हे एव्हाना नीट तपासलं गेलं आहे. १९८३ साली स्टुअर्ट ग्रासियन या मानसोपचारतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोल तुरुंगात एकांतात ठेवलेल्या चौदा कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बारीक आवाजही असह्य होणं, भास, लक्ष न लागणं, अचानक उसळणारा राग, स्वतःला इजा करण्याची ओढ. डिकन्सच्या प्रकरणाशेजारी ती यादी ठेवली तर फारसं नवं सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मंजूर केलेल्या मंडेला नियमांत सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला मनाई आहे. मेकॉलेच्या माणसांनी दीडशे वर्षं आधी चौदावर रेघ मारली होती. पण ही रेघ तुरुंगाचे अधिकारी सहज चुकवतात. एकांत म्हणायचं नाही, ‘सुरक्षेसाठी वेगळं’ म्हणायचं, की मोजणीच सुरू होत नाही. येरवड्यातल्या आणि आर्थर रोडच्या अंडासेलचं समर्थन याच शब्दांत होतं. १९७८ साली सुनील बत्रा प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर ज्यात होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने फाशीच्या कैद्याला असं वेगळं ठेवण्याची पळवाट बंद केली, तीही तेवढ्यापुरतीच.

उलट दिशेचा प्रयोग आपल्याच मुलखात झाला आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रिडमन यांच्या सूचनेवरून, भवानराव पंतप्रतिनिधींनी आटपाडीजवळच्या माळावर गंभीर गुन्ह्यांचे कैदी भिंतीविना शेतीला ठेवले. स्वतंत्रपूर म्हणतात ती ही वसाहत. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरून निघाला. ती वसाहत आजही आहे आणि कैदी तिथे बायकामुलांसह राहतात. सिनेमाला दाद द्यायला आपण कमी केलं नाही. तसल्या वसाहती मात्र बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या.

रशने सांगितलेल्या तीन हेतूंपैकी सुधारणा एकांताने होत नाही, धाक किती बसतो हे लँगहाइमरच्या चाळीस वर्षांनी दाखवलं, आणि माणसाला समाजातून उचलायचं तर त्यासाठी त्याला माणसांपासून तोडावं लागत नाही. हेतू एकेक करून गळून पडले तरी कोठडी तशीच राहिली, कारण ती सांभाळणाऱ्यांच्या सोयीची आहे. भारताच्या विधी आयोगाने १९७१ साली बेचाळिसाव्या अहवालात एकांतवासाची शिक्षा दंडविधानातून काढून टाकण्याची शिफारस केली होती. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांचं दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११ आणि १२ मध्ये ती शिक्षा आहे, तीन महिने आणि चौदा दिवस या आकड्यांसह.